कागदावर १८० मीटर

सन २०२२ च्या १५ ऑगस्टला झेंडावंदन उरकलं, पोरांच्या हातात जिलेबीचे पुडे पडले आणि शाळेच्या व्हरांड्यातच ग्रामसभा सुरू झाली. गणपूर्ती झाली का, हे कुणी मोजलं नाही. नियमाप्रमाणे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांत जो आकडा लहान तेवढी डोकी हजर लागतात. ती नसली तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. आमच्याकडं पहिली सभा आणि तहकूब सभा एकाच चहात होते.

शेवटी ‘ऐनवेळी येणारे विषय’ निघाले तसा मी उठलो आणि विचारलं, "आमच्या आळीतलं बंदिस्त गटार कागदावर १८० मीटर झालंय. मी टेप लावून मोजलंय, ११२ भरतंय. उरलेलं ६८ मीटर कुठं आहे?"

सरपंचबाईंनी उपसरपंचाकडं पाहिलं. उपसरपंचानं माइक घेतला. "तात्या, तुम्ही आयुष्यभर तिकिटं फाडली. मीटर कधीपास्नं कळायला लागलं? बसा खाली."

मंडळी हसली. दुसऱ्या कुणाला म्हणाला असता तर मीही हसलो असतो, वाक्य जमलं होतं. मी म्हणालो, उत्तर मिळाल्याशिवाय बसत नाही. तेव्हा तो खाली उतरला, माझं मनगट धरलं आणि मला खुर्चीत दाबून बसवलं. कानाशी जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो माझ्या चुलतभावाचा मुलगा. त्याच्या बारशाला मी रात्रीची ड्यूटी संपवून पहाटेच्या पहिल्या गाडीनं पेढे घेऊन आलो होतो.

पंधरा दिवसांनी माहिती अधिकारात, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, त्या सभेच्या प्रोसिडिंगची, म्हणजे इतिवृत्ताची, नक्कल मागितली. आधी उत्तर आलं की वही तपासणीसाठी पंचायत समितीत आहे. मग वही सापडली. त्यात गटार नव्हतं, मी नव्हतो. शेवटची ओळ होती, ‘इतर विषयांवर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा होऊन सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले.’

मी ३१ वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो. जे वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, नाही ते घडलंच नाही, या हिशेबात माझी हयात गेली. मनगट धरल्याचा राग दोन दिवसांत गेला असता. भावकीत याहून मोठं होतं आणि विझतं. पण ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

आता थोडं मागचं सांगायला हवं. आमच्या पंचायतीची निवडणूक १५ जानेवारी २०२१ ला झाली, राज्यातल्या इतर चौदा हजारांवर पंचायतींबरोबर. त्या खेपेला सरपंच थेट जनतेतून नव्हता, सदस्यांतून निवडायचा होता, आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदान झाल्यावर निघाली. माझ्या पुतण्यानं सरपंच व्हायचं म्हणून पॅनेल उभं केलं, खर्च केला, गुलाल उधळला, आणि सोडतीत चिठ्ठी निघाली सर्वसाधारण महिला. मग पॅनेलमधली जी बाई कमीत कमी बोलेल ती सरपंच झाली आणि हा उपसरपंच. झेंडा बाई फडकवायच्या, माइक याच्या हातात.

तक्रार कुणाकडं करायची, इथूनच माझी शाळा सुरू झाली. ग्रामसेवकाकडं अर्ज दिला तर तो पोच देईना. (हल्ली त्यांच्या पाटीवर ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असं लिहितात. गाव त्यांना पूर्वीही भाऊसाहेबच म्हणायचं, आताही म्हणतं.) भाऊसाहेब म्हणाले, "माझ्याच दप्तराची तक्रार माझ्याकडं कशी देता?" मुद्दा बरोबर होता. पोलीस ठाण्यात गेलो. तिथं अदखलपात्र नोंद करून कागद हातात दिला आणि कोर्टात दाद मागा म्हणाले. शेवटी तालुक्याला गटविकास अधिकाऱ्यांकडं (बीडीओंकडं) गेलो, तिथल्या आवक बारनिशीवर, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीवर, शिक्का मारून घेतला. अर्जावर माझ्यासह नऊ सह्या होत्या. अर्ज द्यायच्या आदल्या दिवशी मी घरपट्टी आणि पाणीपट्टी भरून पावती खिशात ठेवली होती. तक्रारदाराची बाकी काढणं हे पंचायतीचं पहिलं शस्त्र असतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

पंचायत समितीतला एक जुना कारकून, डेपोत माझ्या गाडीनं अप-डाउन करणारा, त्यानं मला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. "तात्या, बीडीओ साहेब फक्त अहवाल देऊ शकतात. सदस्याला हात लावायचा अधिकार त्यांना नाही. ते आयुक्तांच्या हातात."

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यातलं कलम ३९ असं, की सरपंच, उपसरपंच किंवा सदस्य आपल्या कामात गैरवर्तन करील, लाजिरवाणं वागेल, कर्तव्यात हयगय करील, तर विभागीय आयुक्त त्याला पदावरून दूर करू शकतात. पण आयुक्तांना बसल्या जागी तसं करता येत नाही. आधी त्यांच्या आदेशानं जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी (सीईओंनी) चौकशी करायची, पंचायतीला आणि त्या माणसाला नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, महिन्याभरात अहवाल पाठवायचा. मग आयुक्तांनी त्याला पुन्हा एकदा ऐकायचं आणि आणखी महिन्याभरात निकाल द्यायचा. कायदा वाचताना वाटतं, गाडी वेळेवर सुटणार.

प्रत्यक्षात माझा अर्ज तालुक्यावरून खाली विस्तार अधिकाऱ्याकडं आला, अहवाल होऊन वर तालुक्याला गेला, तिथून जिल्हा परिषदेत, तिथून आयुक्तालयात. आयुक्तालयानं चौकशीचा आदेश काढला, की फाइल पुन्हा खाली जिल्हा परिषदेत. चौकशी झाली की पुन्हा वर. एवढ्या फेऱ्या मी एका शेड्यूलमध्ये कधी केल्या नाहीत. मधल्या एका टेबलावर मला विचारलं, "बीडीओंचा अहवाल असताना सीईओंनी पुन्हा चौकशी कशाला करायची?" मी वकिलाला हेच विचारलं तर तो म्हणाला, याच घाईत प्रकरणं हायकोर्टात पडतात. कायद्यानं ज्या खुर्चीला चौकशी सांगितली त्या खुर्चीनंच ती करायला हवी. खालच्या माणसाचा अहवाल वर जोडून भागत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये विस्तार अधिकारी आले. माणूस सज्जन वाटला. टेप लावला, ११२ मीटर भरलं, पंचनामा लिहिला. सह्या करायला पंच मिळेनात, शेवटी दूध घालायला निघालेल्या दोघांना थांबवलं. मग त्यांनी पंचायतीत बसून गटाराची कागदपत्रं काढली आणि मला बोलावून दाखवली. कामाचे पैसे १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून गेले होते. अशा पैशावर सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सह्या लागतात. प्रत्येक व्हाउचरवर सरपंचबाई होत्या, भाऊसाहेब होते. मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याची सही होती. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तुमचा उपसरपंच यात कुठंच नाही हो. तक्रार त्याच्याविरुद्ध कशी टिकणार? बाईंचं नाव घाला, मग फाइल उभी राहील."

मी घातलं. पुरवणी अर्ज तिथंच लिहिला. आता ते लिहितानाही बरं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला सरपंचबाई आल्या, बरोबर धाकटी जाऊ. उंबऱ्याच्या आत येईनात. मी म्हणालो, "पोरी, आत ये, तू गावची सरपंच आहेस." तर म्हणाली, "तात्या, ते पेनड्राइव्हसारखं असतं ना सहीचं, ते माझ्या हातात कधी आलंच नाही. कॉम्प्युटरवाल्याच्या टेबलात असतं. मला बोलावतात, रजिस्टरला सही घेतात आणि म्हणतात, वहिनी, स्वयंपाकाला उशीर होईल, जा." एवढंच बोलून ती थांबली. रडली वगैरे नाही. पाणी प्यायली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन मी दुसरा पुरवणी अर्ज दिला, बाईंविरुद्ध माझी तक्रार नाही म्हणून. कारकून म्हणाला, "तात्या, हे तुम्ही केस बुडवायचं केलंत." वकिलानं पुढं दोन वर्षांनी तेच सांगितलं. कर्तव्यातली हयगय हे कारण कलम ३९ मध्ये आहेच, आणि बाईंवर ते दोन तारखांत सिद्ध झालं असतं. सही त्यांची, न वाचता केलेली. ज्यानं काहीच सही केलं नाही तो मोकळा.

मधल्या काळात माझ्या नातवानं मोबाइलवर ई-ग्रामस्वराजचं पान उघडून दिलं. पंचायतीचे पैसे कुणाच्या खात्यावर गेले ते तिथं कुणालाही दिसतं, अर्जही लागत नाही. आमच्या गटाराचे पाइप आणि सिमेंट ज्या दुकानातून आले, ते दुकान उपसरपंचाच्या मुलाच्या नावावर होतं. म्हणजे कागदावर तो नव्हता, पण त्याचं घर होतं.

इथं दुसरा रस्ता फुटला. त्याच कायद्याचं कलम १४ सांगतं की पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात ज्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तो सदस्य राहू शकत नाही. हा वाद जिल्हाधिकाऱ्यांसमोर चालतो, कलम १६ खाली. वकील म्हणाला, दोन्ही चालू ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी विवाद अर्ज दाखल केला. आता मी एका ठिकाणी तक्रारदार होतो आणि दुसऱ्या ठिकाणी अर्जदार. मला वाटलं दोन्ही एकच. दोन्हींत काय फरक आहे, ते जिल्हा परिषदेच्या सभागृहात कळलं.

सीईओ साहेबांसमोरची सुनावणी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली. इस्त्रीचा शर्ट, फाइल, पाण्याची बाटली घेऊन मी साडेदहाला हजर. पुकारा झाला साडेतीनला. उपसरपंचाचे वकील उठले आणि त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, की तक्रारदार हा या प्रकरणात पक्षकार नाही, त्यांना युक्तिवाद करू देऊ नये. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल पुढं केला, उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना पदावरून काढल्याच्या प्रकरणातला. त्यात न्यायालयानं म्हटलंय की ज्यानं तक्रार केली तो फार तर साक्षीदार म्हणून पुरावा देऊ शकतो, वादी असल्यासारखा भांडू शकत नाही. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, तुमचा जबाब घेतो, मग बाहेर बसा."

मी जबाब दिला. मग उलटतपास.

"आपला आणि आमच्या अशिलांच्या वडिलांचा बांधावरून वाद होता, हे खरे आहे काय?"

"होता. मिटला."

"१९९८ साली आपण मोजणीचा अर्ज दिला होता?"

"दिला होता."

"२०२१ च्या निवडणुकीत आपली सून विरोधी पॅनेलमधून उभी होती?"

"होती. पडली."

"म्हणजे आपला राग आहे."

"राग आहेच की," मी म्हणालो, "पण त्यानं गटाराची लांबी कशी कमी होईल?" साहेब हसले. टंकलेखकानं एवढंच घेतलं, ‘राग आहे हे खरे आहे.’

बाहेर बाकावर बसून तो २०१२ चा निकाल मी वकिलाच्या झेरॉक्सवर वाचला, नातवाला मराठीत सांगायला लावून. त्यात एक गोष्ट मला रुतली. न्यायालय म्हणतं, साध्या तात्पुरत्या सरकारी नोकरालाही पूर्ण चौकशीशिवाय गैरवर्तनावरून काढता येत नाही, तर लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला कसं काढता येईल? हे वाचताना मला १९९४ चं साल आठवलं. जत्रेची गाडी, माणसं टपापर्यंत, मार्ग तपासणी पथक चढलं आणि दोन प्रवासी विनातिकीट निघाले. मला आरोपपत्र मिळालं. मदतीला सहकारी कर्मचारी घेता आला. ज्या तपासणीसानं मला पकडलं त्याला मी समोरासमोर प्रश्न विचारले, गाडीत माणसं किती होती, घाट किती लांब आहे. वर्षाची एक वेतनवाढ थांबली. त्या चौकशीत माझ्यावर अन्याय झाला असं मी आजही म्हणत नाही. प्रश्न विचारायचा माझा हक्क मी तेव्हा पुरेपूर वापरला, आणि तोच हक्क आता पुतण्या वापरत होता. त्याचा वकील मला जे विचारत होता ते तीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्याला विचारलं होतं. चीड कमी झाली म्हणता येणार नाही, पण बाकावर पाठ टेकली.

मात्र एक फरक आहे आणि तो मला अजूनही पटत नाही. आमच्याकडं शिक्षेची उतरंड होती. ताकीद, दंड, वेतनवाढ रोखणं, खालच्या पदावर आणणं, आणि शेवटी बडतर्फी. दोन तिकिटांना दोन तिकिटांची शिक्षा. कलम ३९ मध्ये पायऱ्याच नाहीत. एक तर माणूस पदावरून जातो, नाहीतर काहीच होत नाही. भर सभेत म्हाताऱ्याचं मनगट पिरगाळलं म्हणून निवडून आलेला माणूस घालवायचा का? मी खुर्चीत असतो तर मीही कचरलो असतो. ‘सभेत माफी मागा’ किंवा ‘प्रोसिडिंग दुरुस्त करा’ असं सांगायची सोय कायद्यात असती, तर हे प्रकरण पहिल्या महिन्यात मिटलं असतं, आणि मला एवढंच हवं होतं.

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, सगळे अधिकारी निवडणुकीच्या कामाला. जूननंतर दोन तारखा पडल्या. नऊ सह्यांपैकी दोघेच साक्षीला आले. एकाच्या मुलाचं घरकुल मंजुरीत होतं, एकीच्या बचत गटाचं कर्जप्रकरण, एक जण म्हणाला, "तात्या, सही केली तेव्हा मला वाटलं हे स्टँडच्या मागणीचं निवेदन आहे." त्यांना दोष देत नाही. त्यांना त्याच गावात राहायचंय, मला फक्त मरायचंय.

अहवाल ऑगस्टमध्ये गेला. महिन्याचे आठ महिने झाले होते. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता. आयुक्तांसमोर सुनावणी झाली ती पुतण्याची, मी बाहेरच. निकाल जानेवारी २०२५ मध्ये टपालानं आला, चार पानं. गटाराच्या लांबीत तफावत आढळली, परंतु देयकांवर उपसरपंचांची स्वाक्षरी नाही. इतिवृत्त लिहिण्याची जबाबदारी सचिवाची, म्हणजे ग्रामसेवकाची, त्यांच्याबाबत स्वतंत्र कार्यवाही करावी. आणि मनगटाबद्दल एक ओळ, ‘तक्रारदार व सदस्य हे एकमेकांचे नातेवाईक असून सदर प्रकार कौटुंबिक स्वरूपाचा असल्याचे दिसून येते.’

बारशाचे पेढे असे फिटले.

त्याच सुमारास वसुलीची नोटीस निघाली. ६८ मीटरची रक्कम निम्मी भाऊसाहेबांकडून, निम्मी सरपंचबाईंकडून. मी त्यांचं नाव काढून घेतलं होतं खरं, पण पंचनामा माझ्याच अर्जावर झाला होता. भाऊसाहेबांचं पगारातून कापलं. बाईंच्या नवऱ्यानं एक म्हैस विकली. मी हजार रुपये पाकिटात घालून नातवाकडून पाठवले, ते पाकीट तसंच परत आलं.

त्याच्या आधी, २०२४ मध्ये, पेपरात बातमी होती. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अपात्र ठरवलं होतं, सासूबरोबर सरकारी जागेतल्या घरात राहतात म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं आणि म्हटलं की बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, आणि अधिकाऱ्यांनीही निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणं इतक्या सहज घ्यायला नको होतं. ते कात्रण मी फाइलमध्ये माझ्या पहिल्या पुरवणी अर्जाच्या पुढं लावून ठेवलं.

जिल्हाधिकाऱ्यांकडची बाजू निराळी चालली. तिथं मी अर्जदार, म्हणजे पूर्ण माणूस. शपथपत्र माझं, पुरावा माझा, युक्तिवाद माझ्या वकिलाचा. पुतण्याचं म्हणणं एकच, मुलगा विभक्त आहे, रेशन कार्ड वेगळं आहे. मी कुठूनतरी २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळवला होता, ज्यात सदस्याच्या कुटुंबानं सरकारी जागेवर अतिक्रमण केलं तरी सदस्य अपात्र होतो असं म्हटलंय. उड्या मारत वकिलाकडं गेलो. त्यानं वर न बघता सांगितलं, "तात्या, तो अतिक्रमणाचा निकाल. आपला ठेक्याचा मुद्दा. कलम तेच, खंड वेगळा." शेवटी कामाला आलं ते विजेचं बिल. दुकानाचं मीटर उपसरपंचाच्या नावावर होतं, जागेच्या नमुना आठच्या (पंचायतीच्या घरपट्टी नोंदीच्या) उताऱ्यावर तोच मालक होता, आणि दुकानाच्या मालाच्या दोन चलनांवर माल घेणारा म्हणून त्याची सही होती. तीन वर्षांत त्याची सही असलेला पहिला कागद तो.

एप्रिल २०२५ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी त्याला अपात्र ठरवलं. मी पेढे वाटले नाहीत, खोटं कशाला सांगू, मनात मात्र वाटले. पंधरा दिवसांत अपील करता येतं, त्यानं बाराव्या दिवशी केलं आणि स्थगिती आणली. स्थगिती आली त्या संध्याकाळी माझ्या दारासमोर फटाक्यांची माळ लागली. आमचा कुत्रा दोन दिवस पलंगाखालून निघाला नाही.

अपील पडून राहिलं. पंचायतीची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या फेब्रुवारीत संपायची होती. वकील म्हणाला, तोवर निकाल लागला तर लागला.

२०२५ च्या १५ ऑगस्टला पुन्हा ग्रामसभा झाली. भाऊसाहेब नवे आले आहेत, तरुण मुलगा, हजेरीचं रजिस्टर स्वतः फिरवतो. गणपूर्ती झाली नाही म्हणून त्यानं सभा खरोखर तहकूब केली, म्हातारे वैतागले. पुढच्या तारखेला सभा भरली, ऐनवेळचे विषय निघाले. मी उठलो आणि तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. माइक उपसरपंचासमोर होता. त्यानं तो हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सरपंचबाईंच्या पुढं सरकवला. बाई म्हणाल्या, "तात्यांचं लिहून घ्या."

आठवड्यानं नक्कल मागितली. दोन रुपये पान, एकच पान. भाऊसाहेबांनी शिक्का मारून दिला. ‘वॉर्ड क्र. २ मधील बंदिस्त गटाराची लांबी कमी असल्याबाबत ग्रामस्थांनी विचारणा केली. अंदाजपत्रक तपासून पुढील सभेत माहिती देण्याचे ठरले.’

ग्रामस्थांनी असं लिहिलंय, माझं नाव नाही. मी भाऊसाहेबांना विचारलं तर म्हणाला, "तात्या, नाव घालायची पद्धत नाही." पद्धत आहे, मी जुन्या वह्या पाहिल्यात. पण या वेळी बोललो नाही. दोन रुपयांची पावती घेतली आणि घरी आलो. पाऊस पडून गेला होता. गटार जिथं संपतं तिथून माझ्या दारापर्यंत पाणी उघडंच वाहत होतं.